अप्रेंटिस हाताखाली दिलाय, आता त्याला शिकवायचं कसं

आयटीआयचे रिझल्ट लागले की आमच्या नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत दरवर्षी एकच सीन असतो. एचआरवाली मॅडम तीन-चार पोरं घेऊन शॉपमध्ये येते, पोरांच्या पायात कोरे सेफ्टी शूज, हातात डबा घट्ट धरलेला, आणि मॅडम सुपरवायझरला बोलते, "हे दोघं तुमच्याकडे." सुपरवायझर इकडेतिकडे बघतो आणि जो समोर दिसेल त्याच्या गळ्यात एकेक पोरगं मारतो. झालं ट्रेनिंग सुरू. पुढचे सहा महिने पोरगं कूलंट भरायला, जॉब (मशीनवर बनणारा पीस) धुवायला, बर (कडेला राहिलेली धार) काढायला आणि चहा सांगायला, आणि वर्षाच्या शेवटी आपणच बोलणार की हल्लीच्या पोरांना काही येत नाही.

मी टूलरूममध्ये आहे, पंचवीस वर्षं झाली, आधी वागळे इस्टेटला होतो, नंतर ठाणे-बेलापूर रोडला आलो. हाताखालून वीस-बावीस पोरं गेली असतील. त्यातल्या पहिल्या सात-आठ जणांना मी धड शिकवलंच नाही, कारण मलाही कोणी शिकवलं नव्हतं. माझे उस्ताद सेटिंग करताना ड्रॉइंगवर हात ठेवायचे, खरंच सांगतो, पोराला आकडा दिसू नये म्हणून. आम्ही ते चोरून शिकलो आणि त्याचा अभिमानही बाळगला. पण चोरून शिकण्यात माझी चार वर्षं गेली, जे वर्षभरात झालं असतं. तर ज्यांच्या गळ्यात आत्ता पोरगं मारलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कागदाचं, पटकन

पोरगं तुमचा हेल्पर नाही, एवढं डोक्यात ठेवा. १९६१ च्या अप्रेंटिसेस अॅक्टप्रमाणे तो ट्रेनी आहे, कामगार नाही. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्के, म्हणजे ८० माणसं असतील तर कमीत कमी दोन. ही मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीत आली, त्याच वेळी आयटीआय पास पोराचा स्टायपेंड कमीत कमी महिना ७००० ठरला. केंद्राच्या एनएपीएस (नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीम) योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १५००, सरकार देतं. हे तुम्हाला कशाला सांगतोय, तर पोरगं येऊन तुम्हालाच विचारणार, एचआरला विचारायची त्याची हिंमत नसते.

आणि एक, ओव्हरटाइम. डिस्पॅच अडकला की सुपरवायझर पहिला अप्रेंटिसला थांबवतो, कारण तो नाही बोलत नाही. सरकारच्या अप्रेंटिसशिप अॅडव्हायझरच्या परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइमला ठेवता येत नाही, कायद्यातच आहे. काही लागलं-खुपलं तर भरपाईची जबाबदारी मालकाची. तुम्ही त्याच्या बाजूने एकदा साहेबांना नाही बोललात ना, की पोरगं तुमचं झालं समजा.

पहिला दिवस मशीनला हात नाही

पहिल्या दिवशी मी फक्त फिरवतो. पण नुसतं "हे लेथ, हे मिलिंग" असं नाही. प्रत्येक मशीनचा लाल इमर्जन्सी बटण त्याला स्वतःच्या हाताने दाबायला लावतो, मशीन चालू असताना. पोरं घाबरतात, त्यांना वाटतं दाबलं की काहीतरी बिघडेल आणि शिव्या बसतील. एकदा दाबून बघितलं, मशीन थांबलं, कोणी काही बोललं नाही, की भीती जाते. वेळ आली तर तो हात आपोआप तिकडे गेला पाहिजे.

मग अंगावरच्या वस्तू, चकमध्ये (लेथवर जॉब पकडून फिरवणारा भाग) अडकतील अशा. मनगटातला दोरा, कडं, अंगठी, गळ्यातली चेन, सगळं लॉकरमध्ये. देवीचा दोरा काढायला पोरं तयार नसतात, त्यावर जबरदस्ती करू नका, मी सांगतो की डब्याबरोबर ठेव, घरी जाताना बांध, देवीला राग येत नाही, चकला दया नसते. लेथवर आणि ड्रिलवर हातमोजे नाहीत. हे उलटं वाटतं त्यांना, कारण आयटीआयमध्ये सेफ्टीच्या पोस्टरवर हातमोजे असतात. म्हणून कारण सांगायचं, फिरणाऱ्या गोष्टीने मोजा पकडला की त्याच्याबरोबर हात आत जातो. चकची चावी चकमध्ये विसरून मशीन चालू केलं तर ती गोळीसारखी उडते, म्हणून चावीवरचा हात चावी बाहेर निघेपर्यंत सोडायचा नाही. कीस हाताने ओढायचा नाही, हुक किंवा ब्रश. प्रत्येक नियमामागे "का" सांगितलं तर पोरगं तुम्ही नसतानाही पाळतं. नुसतं "नाही करायचं" सांगितलं तर तुम्ही वळलात की करतं. माझा पोरगाही तसाच आहे, असो.

नावांचा घोळ पहिल्या आठवड्यातच मिटवा. पुस्तकात शेगडा लिहिलेलं असतं, शॉपमध्ये सगळे वाईस बोलतात. मी कानस बोलतो, बाजूच्या मशीनवरचे यूपीचे चाचा रेती बोलतात, स्टोअरवाला फाईल लिहितो, आणि पोरगं तिघांच्या मध्ये उभं राहून विचार करतं की या तीन वस्तू आहेत की एक. मी एक छोटी डायरी घ्यायला लावतो, खिशात मावणारी, त्यात पहिल्या आठवड्यात फक्त नावं. किती साधी गोष्ट, पण "आण रे जरा" बोलल्यावर चुकीची वस्तू आणणारं पोरगं बिनडोक नसतं, त्याला फक्त शब्द माहीत नसतो.

दाखवणं वेगळं, शिकवणं वेगळं

आपल्याला वाटतं, मी करून दाखवलं म्हणजे शिकवलं. तसं नसतं हो. हात आपले इतक्या वर्षांचे, ते अशा दहा गोष्टी करतात ज्या आपल्याला पण माहीत नसतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांमध्ये एकदम लाखो नवीन माणसं घ्यावी लागली, बरीचशी कधी मशीन न बघितलेली, तेव्हा त्यांनी ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणून प्रोग्राम काढला होता, टीडब्ल्यूआय. टोयोटाने पुढे तोच उचलला. त्यात काम शिकवायच्या चार पायऱ्या आहेत, आधी माणसाला तयार करा, मग काम दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग हळूहळू सोडा पण लक्ष ठेवा. आणि त्यांचं एक वाक्य होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मला एका ट्रेनिंगमध्ये हे पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा राग आला होता, वाटलं की या माणसाने आमची पोरं बघितली नाहीत.

पण तिसरी पायरी मी करून बघितली आणि तिथेच सगळं आहे. पोराने काम करताना तोंडाने बोलायचं. काय करतोय, त्यातली महत्त्वाची गोष्ट काय, आणि का. गप्प राहून केलेलं काम बरोबर आलं तरी मी मानत नाही, कारण माकडासारखी नक्कल केलेली असू शकते. "काका, आता मी मायक्रोमीटरचा रॅचेट फिरवतोय, तीन क्लिक, कारण थिंबलने दाबलं तर साईज कमी येते." असं बोलला की कळतं डोक्यात गेलंय. पहिले दोन दिवस पोरं लाजतात, बाकीचे हसतात, मग सवय होते.

मायक्रोमीटरचंच सांगतो, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ मापात आहे, ज्याला माप येत नाही त्याला मशीन शिकवून उपयोग नाही. मी पाच स्लिप गेज (नेमक्या मापाचे ठोकळे) घेतो, साईज मला माहीत, त्याला नाही. प्रत्येक पीस दहा वेळा मोजायचा, दर वेळी मायक्रोमीटर पूर्ण उघडून परत, आणि आकडे डायरीत लिहायचे, मागचा आकडा हाताने झाकून. पहिल्या दिवशी दहा आकड्यांमध्ये दोन-तीन शतांश, म्हणजे ०.०२-०.०३ मिमीचा फरक येतो. आठवड्याभरात तो ०.०१ वर येतो. त्याला तुम्ही काही बोलायची गरजच पडत नाही, त्याचेच आकडे त्याला सांगतात. झिरो चेक करायला, म्हणजे पूर्ण बंद केल्यावर शून्य दाखवतो का ते बघायला, विसरला तर पाचही पीस एकसारखे चुकतात, आणि तो स्वतःच डोकं खाजवत विचारतो की सगळेच एवढेच कसे मोठे आले. तेव्हा सांगा झिरो एररचं. आधी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरला असता.

साईज गेली तर

आता खरं सांगायचं ते हे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या हाताखाली आसनगावचं एक पोरगं होतं, हुशार, रोज ठाण्याला उतरून पूल चढून ९-१० नंबरला ट्रान्स हार्बर पकडायचं आणि तरी माझ्या आधी शॉपमध्ये. त्याला मी एका प्लेटचे चार बोअर (गोल भोकं) दिले होते, २५ एच ७, म्हणजे साईज २५.००० ते २५.०२१ मिमीच्या मधे. तीन बरोबर आले. चौथा गेला, २५.०४. आता हे काही आभाळ कोसळण्यासारखं नव्हतं, त्यात बसणारे बुश (छोट्या नळ्या) आमच्याच लेथवर दुपारी व्हायचे होते, मला कळलं असतं तर एका बुशचा ओडी (बाहेरचा व्यास) तेवढा वाढवून घेतला असता, पाच मिनिटांचं बोलणं. पण त्याने सांगितलं नाही. प्लेट पुसली, बाकीच्या जॉबबरोबर ठेवून दिली. बुश ड्रॉइंगप्रमाणे झाले. रात्री असेंब्लीला तीन बुश प्रेसमध्ये बसले, चौथा हाताने ठेवला तर सरळ खाली. सकाळी माल जायचा होता. रात्रभर आम्ही चौघं थांबलो.

मी दुसऱ्या दिवशी त्याला खूप बोललो. आणि मग घरी जाताना, कळव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा आठवलं की आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका पोराच्या हातून टॅप (आटे पाडायचं टूल) तुटला होता, तो लगेच मला सांगायला आला होता, आणि मी त्याला सगळ्या शॉपसमोर सोलून काढलं होतं. आसनगाववाला तिथेच उभा होता, बघत होता. तो जे शिकला ते बरोबरच शिकला ना, की सांगितलं तर शिव्या, नाही सांगितलं तर कदाचित काहीच नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो पहिल्याच दिवशी पोराला सांगतो. साईज गेली, टूल तुटलं, काहीही झालं, मशीन बंद, मला हाक, आणि जॉब चकमधून काढायचा नाही. शेवटचं फार महत्त्वाचं. जॉब जागेवर असेल तर कारण सापडतं, टूल घासला की क्लॅम्प सैल होता की डायल चुकीचा वाचला, आणि कधी कधी जॉब वाचवता पण येतो. एकदा काढला की सेटिंग गेली, मग फक्त अंदाज.

आणि माझ्याकडून उलटा नियम. जो स्वतः येऊन सांगेल त्याला त्या वेळी एक शब्द बोलायचा नाही. तोंड बंद. आधी जॉब बघायचा, मग "काय वाटतं तुला, कशाने झालं?" विचारायचं. राग येतो, नाही असं नाही, मी माणूस आहे, महागाचं मटेरियल असलं तर पोटात गोळा येतो. पण बोलायचं ते नंतर, एकटं घेऊन. जो लपवेल त्याला मात्र मी सोडत नाही, ते पण पहिल्या दिवशी सांगून ठेवलेलं असतं.

त्या बोअरचं कारण पण सांगून टाकतो, राहायला नको. दोन होती. एक, पोराने व्हर्नियरने मोजला होता, ०.०२ लीस्ट काउंटचा, म्हणजे ०.०२ मिमीपेक्षा बारीक न दाखवणारा, आणि २१ मायक्रॉनच्या (०.०२१ मिमी) टॉलरन्सला व्हर्नियर लावणं म्हणजे सोनं भाजीच्या काट्यावर तोलणं. बोअर गेज कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं, चावी माझ्याकडे. म्हणजे त्यात पण मीच. दुसरं, आधीच्या बोअरला गरम असताना मोजून त्याने पास केलं होतं, थंड झाल्यावर आकडा बदलला म्हणून चौथ्याला घाबरून अंदाजाने जास्त घेतलं. पंचवीस मिमीचं स्टील तीस डिग्रीने गरम असेल तर आठ-नऊ मायक्रॉन मोठं दिसतं, टॉलरन्सचा जवळजवळ निम्मा भाग त्यातच गेला. हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, कारण मी स्वतः जॉबला हात लावून बघतो गरम आहे का आणि मगच मोजतो, आणि मला माहीतच नव्हतं की मी असं करतो.

पोराच्या निमित्ताने स्वतःचं काम लिहून काढा

आमच्याकडे एक सरफेस ग्राइंडर होता, जुना. त्याच्यावरचे काका रिटायर झाले, हार-नारळ झाले, पेढे वाटले. पुढच्या सोमवारपासून सकाळचे सगळे जॉब साईजला येईनात, दहानंतर आपोआप सुधारायचं. पंधरा दिवस डोकं फोडलं आम्ही. मेंटेनन्सवाले येऊन गेले, व्हील बदललं. शेवटी कोणीतरी काकांना फोन केला तर ते बोलले, "अरे मी सकाळी आल्या आल्या स्पिंडल चालू करून वीस मिनिटं रिकामा फिरवायचो, तोवर चहा घ्यायचो." बस्स. तेवढ्यात मशीन गरम व्हायचं आणि साईज यायची. सगळ्यांना वाटायचं काका आल्या आल्या चहाला पळतात. त्यांच्या हाताखाली एखादं पोरगं असतं तर त्याने पहिल्या आठवड्यात विचारलं असतं, काका मशीन रिकामं का फिरतंय?

म्हणून मी आता पोराला सांगतो की रोज मला कमीत कमी एक "का" विचारायचा, आणि जे उत्तर मला चटकन देता येत नाही ते आम्ही दोघं मिळून लिहून ठेवतो. एका मशीनच्या सेटिंगचं असं एक पान तयार झालंय, तेलकट बोटांचे ठसे आहेत त्यावर, पण नाइट शिफ्टवाले आता मला फोन करत नाहीत. माझी झोप वाचली, हा माझा फायदा. कंपनीचा रेकॉर्ड वेगळा, तो कंपनीने ठेवायचाच असतो, पण खरं सांगायचं तर तो सही करण्यापुरता असतो.

साहेबांना काय सांगायचं

साहेब विचारणारच की तुझं प्रोडक्शन का कमी झालं. खोटं बोलू नका. पहिले दोन-तीन महिने कमी होणारच, तुमचा रोजचा तासभर तरी पोरात जातो. मी महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो की सकाळचा पहिला तास पोराचा, तेव्हा मला अर्जंट जॉब देऊ नका, बाकी सात तास तुमचे. मधे मधे शिकवत बसलात तर काम पण होत नाही आणि शिकवणं पण.

दोन गोष्टींवर मात्र अडून बसा. एक, एका माणसाकडे एकच पोरगं, फार तर दोन. तीन दिले की ती आपापसात शिकतात, आणि काय शिकतात ते विचारू नका. दुसरं, दर आठवड्याला डिपार्टमेंट बदलायचं नाही. "सगळीकडचं एक्सपोजर मिळू दे" असं बोलतात, पण आठ दिवसांत पोराला फक्त टॉयलेट आणि कँटीन कुठे ते कळतं. एका जागी तीन महिने तरी हवेत.

आणि त्याला लवकर, मी तर दुसऱ्या महिन्यातच, एक खरा जॉब द्या. छोटा असू दे, एखादा क्लॅम्प, लोकेटर, पण ड्रॉइंग त्याच्या हातात, मटेरियल स्टोअरमधून त्याने आणायचं, शेवटी इन्स्पेक्शनला पण त्यानेच न्यायचं. स्क्रॅपच्या तुकड्यावर वर्षभर प्रॅक्टिस केलेल्या पोराला कळतच नाही की चूक झाली तर पुढे कोणाचं काय अडतं. खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो तेव्हा पोराने बनवलेला पहिला जॉब पण झेंडूच्या फुलांबरोबर मशीनवर ठेवतो, त्याचा फोटो तो आईला पाठवतो, ते बघायला मला आवडतं.

सगळे टिकतात असं नाही. एक पोरगं दोन महिन्यांत सोडून डिलिव्हरीच्या कामाला लागलं, महिन्याचे जास्त मिळतात बोलला, मी काय बोलणार, घरची परिस्थिती त्याची होती. आणि कंपनी शेवटी घेईलच असंही नाही, कायद्याने तसं बंधन नाही, त्यामुळे पोराला "तुला पर्मनंट करू" असं आश्वासन तुमच्या तोंडून कधी देऊ नका. शेवटी परीक्षा देऊन सर्टिफिकेट घे, एवढं मात्र मागे लागून सांगा, बरेच जण कंटाळा करतात आणि नंतर दुसऱ्या ठिकाणी अडकतात.

शेवटच्या महिन्यात माझं एकच काम असतं, नवीन आलेलं पोरगं मी जुन्याच्या हवाली करतो आणि लांबून ऐकतो. यावेळचं दिवा स्टेशनचं पोरगं, आलं तेव्हा "सर, सर" करत होतं, आता काका बोलतं. परवा नवीनला लेथपाशी उभं करून सांगत होतं, साईज गेली तर मशीन बंद, काकांना हाक, जॉब काढायचा नाही. नवीन पोराने हळूच विचारलं, काका ओरडतात का रे?

"ओरडतात ना," हा बोलला, "पण जेवणाच्या सुट्टीनंतर, बाजूला घेऊन."